बालगृहासाठी काहीतरी करायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातुरात शिकणारे, नोकरी करणारे, दुकान सांभाळणारे असे आम्ही काही जण मिळून बालगृहांसाठी निधी उभा करतो आणि तिथल्या लेकरांसोबत उपक्रम घेतो. आमच्या गटाला नाव नाही, नोंदणी नाही, करायचा विचारही नाही. त्याचं कारण पैशाच्या प्रश्नांत येईलच. नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून पोरं फोन करतात, "आम्हालाही असं काही करायचंय, कसं करायचं?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

बालगृह, अनाथाश्रम, वसतिगृह हे सगळं एकच ना?

नाही. बालगृह म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ खाली नोंदलेली संस्था. तिथं मूल बाल कल्याण समितीच्या आदेशानं येतं आणि समितीच्या आदेशानंच जातं. वसतिगृह वेगळं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर गेले की लेकरं तिथं जेवतात, शाळा चुकत नाही, आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की घरी जातात. काही संस्था ट्रस्ट म्हणून अशाच मुलांसाठी निवासी शाळा चालवतात. बीड जिल्ह्यात आर्वीचं शांतिवन हे त्यातलं लोकांना माहीत असलेलं नाव.

आमच्या भागात अनाथ लेकरं म्हटलं की मोठ्या माणसांना अजून किल्लारी आठवतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानं लातूर-धाराशिवची गावंच्या गावं गाडली गेली आणि तेव्हा भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आता बालगृहात येणाऱ्या बऱ्याच मुलांची गोष्ट तशी एका रात्रीत घडलेली नसते. बापानं कर्जापायी जीव दिलेला असतो, आई आजारी असते किंवा तिचं दुसरं लग्न झालेलं असतं, घरात दारू असते. म्हणजे कितीतरी मुलांची आई जिवंत असते, सुट्टीत भेटायला येते. ती माउली फाटकातून आत येते आणि समोर "अनाथ मुलांना मदतीचा हात" असा फ्लेक्स. तुमच्या बॅनरवर हे लिहू नका, एवढं ऐका. खरं तर बॅनरच नको.

सुरुवात कुठून करायची?

आधी फोन करा आणि मुलं शाळेत असतील अशा वेळी अधीक्षकांना भेटायला जा. पहिल्या भेटीत काही नेऊ नका, बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. फक्त विचारा, "गेल्या वर्षभरात असं काय काय होतं, जे कुणीच दिलं नाही आणि तुम्हाला विकतच घ्यावं लागलं?"

"काय लागतं?" असं विचारलं तर संकोचानं "काहीही द्या" असं उत्तर येतं. वरच्या प्रश्नाला मात्र खरी यादी मिळते: लाइट बिल, गॅस सिलिंडर, फिनेल, मुलींचे पॅड, उवांचं औषध, दवाखान्याला न्यायचं रिक्षाभाडं, बोअरची मोटर जळली तिची दुरुस्ती. या यादीवर कुणाचा फोटो निघत नाही, म्हणून यातलं कुणी काही देत नाही.

संस्था खरी आहे हे कसं ओळखायचं?

कागद मागा. मागताना लाजू नका. चांगल्या संस्थेला राग येत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खालचं नोंदणी प्रमाणपत्र (ते पाच वर्षांचं असतं, तारीख बघा), ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल. शंका वाटली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. नोंदणी न करता बालगृह चालवणं हा गुन्हा आहे. कलम ४२ प्रमाणे वर्षभरापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

कागद ठीक असले तरी डोळे उघडे ठेवा. पाहुणे आले की मुलांना रांगेत उभं करून पाया पडायला लावतात का? लेकरांची दुःखं त्यांच्यासमोरच सांगितली जातात का? स्वयंपाकघर दाखवायला टाळाटाळ होते का? मुलांना आधी सांगून "दानशूर दादा-ताईंचे आभार" वदवून घेणाऱ्या ठिकाणी आम्ही दुसऱ्यांदा गेलेलो नाही. आणि कुणी "बाळ पाहिजे असेल तर बघू" असं दबक्या आवाजात म्हणालं, तर तिथून निघा आणि १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरला फोन लावा.

आमच्यातले बरेच जण अकरावी-बारावीचे आहेत. चालेल का?

चालेल, पण अठराच्या आतल्यांनी पालकांचं लेखी संमतीपत्र द्यावं आणि सोबत एक तरी मोठं माणूस असावं. बऱ्याच संस्था मोठ्या कार्यकर्त्यांकडून पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागतात. मागितलं तर द्या, त्यात अपमान कसला?

लातूरची आणखी एक अडचण आहे. क्लाससाठी बाहेरगावाहून आलेली पोरं उत्साही असतात, पण ती दोन वर्षांचीच पाहुणी. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की रूम खाली करून गावाकडं. मग रविवारी गणित शिकवणारा दादा एकदम गायब. म्हणून आम्ही प्रत्येक बाहेरच्या पोरामागं एक इथलाच जोडीदार देतो, आणि जाणाऱ्यानं जायच्या आधीच्या रविवारी लेकरांना तोंडानं सांगून जायचं असा नियम आहे. निरोप द्यायला जड जातं म्हणून न सांगता निघून जाणं आम्हाला चालत नाही.

पैसे गटातल्या एखाद्याच्या फोनपेवर घेतले तर? तो आपलाच पोरगा आहे, विश्वासू आहे.

नको. या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

पोरगा विश्वासूच असतो. पण त्याच्या खात्यात त्याचा पगारही येतो, मेसचे पैसेही जातात. महिन्याभरानं कुणी विचारलं, "माझे पाचशे पोचले का?" तर त्याला स्टेटमेंट चाळत बसावं लागतं. मग त्यानं नवा मोबाइल घेतलेला दिसतो. कुणी काही बोलत नाही, पण चहाच्या टपरीवर नजरा बोलतात. पोरगं दुखावतं आणि गट फुटतो. एक रुपयाची अफरातफर न होता फुटलेले गट आम्ही पाहिलेत.

आमची पद्धत अशी. क्यूआर कोड फक्त संस्थेच्या खात्याचा. आम्ही तो फिरवतो, पैसे थेट तिकडं जातात, पावती संस्था देते. पैसे पाठवताना शेऱ्यात ठरलेला शब्द लिहायला सांगतो, म्हणजे "वह्या" किंवा "मोटर". त्यावरून कोणत्या कामासाठी किती आले ते संस्थेच्या लेखनिकाला चटकन काढता येतं. आमच्याकडं फक्त वही, तीत देणाऱ्याचं नाव, रक्कम आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे.

रोख टाळता येत नाही. मार्केट यार्डात आडतीवर गेलात तर शेठ गल्ल्यातून नोट काढूनच देणार. अशा वेळी संस्थेचं छापील, क्रमांक टाकलेलं पावती पुस्तक न्या. दोघांनी मिळून जायचं, एकट्यानं कधीच नाही. पावती तिथल्या तिथं फाडायची. संध्याकाळी मोजणी करायची, स्थळप्रत आणि रक्कम जुळवायची आणि दोघांनी सही करायची. दुसऱ्या दिवशी बँक उघडली की भरणा. पुस्तक संपलं की परत, अर्धवट राहिलं तरी परत. नाव आणि नोंदणी का नको ते आता कळलं असेल. आम्ही पैसे घेतच नाही, पोचवायला मदत करतो.

पण गटानं स्वतःच वर्गणी गोळा करायची ठरवली तर?

मग धर्मादाय कार्यालयाची परवानगी काढा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली नोंदणीकृत न्यास नसलेल्यांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर ती लागते. गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच ही. नंतर हिशेबही द्यावा लागतो. गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षांना विचारा, अर्ज कसा भरायचा ते त्यांना तोंडपाठ असतं.

देणगीवर आयकरात सूट मिळते का?

संस्थेकडं ८०-जीची मान्यता असेल तर मिळते. मात्र देणाऱ्यानं जुनी करप्रणाली निवडलेली असली पाहिजे, दोन हजारांहून जास्त रक्कम रोख दिली तर तिच्यावर सूट नाही, आणि वस्तूंवर तर अजिबात नाही. डाळ मिलवाल्यानं तूरडाळीचे चार कट्टे दिले तर आशीर्वाद मिळेल, सूट मिळणार नाही. हे त्याला आधीच सांगा. मार्चमध्ये त्याचा सीए सांगेल तेव्हा तो तुमच्यावर चिडेल.

भाऊ दुबईत आहे, त्याचे मित्रही पैसे देतो म्हणतात.

भाऊ भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. मित्र दुसऱ्या देशाचे नागरिक असतील तर मात्र धरली जाते, मग ते मूळचे उदगीरचे का असेनात. ती फक्त परदेशी अभिदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेला, आणि तेही त्यासाठीच्या ठरलेल्या खात्यातच घेता येते. लहान संस्थांकडं ही नोंदणी बहुधा नसते. "माझ्या खात्यावर पाठव, मी देतो" ही पळवाट काढू नका, संस्था अडचणीत येईल.

निधीसाठी कोणते कार्यक्रम चालतात?

खर्च जवळजवळ शून्य असलेले. ऑर्केस्ट्रा, मंडप, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ यांत जमलेलं निम्मं जातं आणि उरलेलं देताना मोठा चेक धरून फोटो. तो प्रकार आम्हाला मनापासून आवडत नाही.

रद्दी चांगली चालते. अपार्टमेंटमध्ये महिनाभर आधी सांगायचं, ठरल्या रविवारी टेम्पो फिरवायचा, वजनकाट्याची चिठ्ठी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची. लातुरात दुसरी खाण म्हणजे नीट-जेईईची जुनी पुस्तकं आणि नोट्स. परीक्षा झाल्या की पोरं रद्दीच्या भावात फुंकतात, आणि जूनमध्ये तीच पुस्तकं नव्या पोरांना निम्म्या किमतीत हवी असतात. या दोन महिन्यांत एका रिकाम्या गाळ्यावर बऱ्यापैकी पैसा उभा राहतो.

टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा मराठवाड्यात कुठंही भरतात. प्रवेश फी संस्थेच्या क्यूआरवर, चषक मात्र एखाद्या दुकानदाराकडून. सामने दिवसा घ्या. रात्रीचे ठेवले की फ्लडलाइटचं भाडं आलं, आणि लाउडस्पीकर तसाही दहाला बंद करावाच लागतो.

धान्याचं विसरू नका. आपल्याकडं रोख कमी आणि माल जास्त. सुगीत खळ्यावर गेलात तर शेतकरी माणूस शंभराची नोट द्यायला दहादा विचार करतो, पण घमेलंभर ज्वारी न विचारता ओततो. गावातल्या एका घराच्या ओट्यावर पोतं ठेवा, आठवड्यानं उचला. ज्वारी, तूर, हरभरा हे थेट संस्थेच्या कोठीत जातं. सोयाबीन आलं तर आडतीवर घालून विक्रीची पट्टी संस्थेच्या नावानं करा.

लकी ड्रॉ, सोडत, कूपन विकून बक्षीस यांच्या नादी लागू नका. विनापरवाना लॉटरी हा गुन्हा आहे, "चांगल्या कामासाठी" म्हटल्यानं तो माफ होत नाही.

वस्तू दिल्या तर काय द्याव्यात?

आधी कोठी बघा. संस्थेत साठा नोंदवही असते, अधीक्षक दाखवतील. एका ठिकाणी आम्हाला कपाटात कंपास पेट्यांची चवड दिसली, छतापर्यंत. लेकरांच्या पायात मात्र दोन वेगवेगळ्या चपला. कंपास पेटी पॅक करायला सोपी, दिसायला छान, एका मापाची. चपलेला माप लागतं, म्हणून ती कुणी देत नाही.

माप घ्यायची युक्ती सांगतो. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीवर मुलाला उभं करायचं, पेन सरळ धरून पायाभोवती रेघ मारायची, रेघेच्या आत नाव न लिहिता नोंदवहीतला क्रमांक लिहायचा. मग कात्रीनं कापून सगळे पाय दोऱ्यात ओवायचे आणि ती माळ दुकानात न्यायची. दुकानदार प्रत्येक पाय चपलेत घालून बघतो. वाढत्या वयाच्या लेकरांना बोटभर मोठी घ्या. मापं घ्यायला गेलेल्या पोरांची लेकरांशी त्या अर्ध्या तासात जेवढी ओळख होते तेवढी भाषणानं होत नाही. गुदगुल्या होतात, हसू फुटतं, कुणीतरी मुद्दाम दुसऱ्याच्या रेघेवर पाय देतं.

आतले कपडे नवेच द्या. तेच बादली, मग, कंगवा, टॉवेलचं. जुने कपडे धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून देणार असाल तरच द्या. साडी, सूट, लग्नातला ब्लेझर नको.

दिवाळीत जायचं ठरवलंय. चालेल का?

जा, पण विचारून. दिवाळीच्या चार दिवसांत फराळाचे इतके डबे येतात की चिवड्याला वास लागेपर्यंत तो संपत नाही. लेकरं तिसऱ्या दिवशी ठेचा-भाकरी मागतात. आणि फेब्रुवारीत चिटपाखरू फिरकत नाही.

आमचं कॅलेंडर उलटं आहे. जूनमध्ये शाळा सुरू होताना दप्तर, वह्या, रेनकोट. पुस्तकं शाळेतून आठवीपर्यंत मिळतात, नववी-दहावीची बघावी लागतात. ऑगस्टमध्ये १५ तारखेला कुणीही जातं, आम्ही त्यानंतरच्या रविवारी जातो. नोव्हेंबर सरताना ब्लँकेट. मार्चमध्ये दहावीच्या मुलांना केंद्रावर सोडणं-आणणं. एप्रिल-मे पाण्याचा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूर हेच. टँकरची किंमत आम्हाला सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात दोन टँकर दिलेत तर दिवाळीच्या दोनशे करंज्यांपेक्षा अधीक्षकांना बरं वाटेल.

आणि लातूर-धाराशिवकडं असाल तर येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला सगळा जिल्हा शेतात असतो, शहर ओस पडतं. त्या दिवशी बालगृहातली मुलं मात्र खोलीतच. कुणा ओळखीच्याचं शेत असेल तर संस्थेची परवानगी काढून, त्यांच्या काळजीवाहकांसोबत मुलांना न्या. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, चुन्यानं रंगवलेले पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि दिवसभर ढेकळांतून पळणं. शेतमालकाला फक्त आधी सांगा: पाहुणे म्हणून बोलवा, पंगतीत सगळ्यांसोबत बसवा, वेगळी पंगत नको. विहिरीला कठडा आहे का तेही बघून घ्या. नसेल तर दुसरं शेत शोधा.

माझा वाढदिवस मुलांसोबत साजरा करायचाय.

करा, पण केक तुमच्या नावाचा नको. त्या महिन्यात तिथल्या ज्या मुलांचा वाढदिवस असेल त्यांच्या नावाचा आणा. अधीक्षकांकडं तारखा असतात. त्या मुलांना कापू द्या, तुम्ही टाळ्या वाजवा.

मुलांसोबत कोणते उपक्रम घ्यावेत?

दर आठवड्याला जमेल ते. वर्षातून एकदा जादूगार आणण्यापेक्षा दर रविवारी तास-दीड तास खो-खो बरा. लहानांना चिकणमाती, ठशांची चित्रं आणि गोष्टी चालतात. गोष्ट सांगताना "आईच्या कुशीत" वगैरे टाळा. चौथी-पाचवीला वाचन, एकेकाला शेजारी बसवून, न हसता. मुलींच्या संस्थेत मुलींनीच जावं. कुणाही मुलासोबत बंद खोलीत एकट्यानं बसायचं नाही. दार उघडं, दुसरं कुणीतरी नजरेच्या टप्प्यात.

आठवी-नववीची पोरं चित्रकलेला कंटाळतात. त्यांना काम द्या. आमच्यातला एक सायकल मेकॅनिक त्याची हत्यारं घेऊन जातो. पोरं पंक्चर काढायला शिकली, आता संस्थेच्या सगळ्या सायकली तीच बघतात. एका ताईनं शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशाची उसवलेली शिवण मारायला शिकवलं. केस कापायला दर महिन्याला सलूनवाले दादा येतात, आणि पोरं त्यांना मोबाइलवर हिरोचा कट दाखवतात. ते तसा कापतातही, अधीक्षक कपाळाला हात लावतात.

डोळे आणि दात तपासणी घ्या, पण चष्म्याचे पैसे हाताशी ठेवूनच. शिबिरात नंबर निघतो, चिठ्ठी मिळते आणि चष्मा कधीच येत नाही, असं फार होतं.

फोटो काढून स्टेटसला टाकले तर देणगी वाढते. मग?

वाढत असेल, तरी नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख उघड होईल असं नाव, फोटो, पत्ता, शाळा काहीही प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. डोळ्यांवर काळी पट्टी मारली तरी शर्टावरचा शाळेचा बिल्ला दिसतोच. वह्यांचा गठ्ठा, टँकर, चपलांची ती माळ, शिवलेले गणवेश यांचे फोटो टाका. पावतीचा टाका. तेवढ्यावर देणारे देतात, आणि ते पुन्हाही देतात.

मुलांशी बोलताना काय टाळायचं?

"तुझे आईबाबा कुठंयत?", "इथं कसा आलास?", "घरची आठवण येते का?" हे तिन्ही. दर आठवड्याला नवा माणूस येऊन तेच विचारतो. काही लेकरांचं उत्तर पाठ झालेलं असतं. कबड्डीत कोण भारी आहे ते विचारा. नवस, जात, आडनाव यांत शिरू नका. "पुढच्या रविवारी येतो" हे येणार असाल तरच म्हणा.

एचआयव्हीबाधित मुलांच्या संस्थेत जायला घरचे नको म्हणतात.

घरच्यांना सांगा, सोबत जेवल्यानं, खेळल्यानं, मिठी मारल्यानं तो होत नाही. लातूरजवळ हासेगावच्या सेवालयात आणि बीडजवळ पालीच्या इन्फंट इंडियात अशी मुलं वर्षानुवर्षं शिकतायत, मोठी होतायत. फक्त कोण बाधित आहे हे बाहेर कुठंही बोलायचं नाही, २०१७ च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे.

एखाद्या मुलानं मारहाणीचं किंवा त्याहून वाईट काही सांगितलं तर?

शांतपणे ऐका, उलटतपासणी घेऊ नका, "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. त्याच दिवशी १०९८ ला किंवा बाल कल्याण समितीला कळवा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. संस्थेचे अध्यक्ष कितीही ओळखीचे असोत, आधी त्यांना विचारून मग ठरवू असं नाही.

एक लेकरू फार जीव लावतंय. सुट्टीत घरी नेऊ का? दत्तक घेता येईल का?

परस्पर घरी नेता येत नाही. दत्तक ही पूर्णपणे वेगळी वाट आहे. केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, आणि मूल तुम्ही निवडायचं नसतं. दत्तकासाठी कायद्यानं मोकळं ठरलेलं मूलच दिलं जातं, ते लेकरू तसं असेलच असं नाही. त्याच्यासमोर हा विषय चुकूनही काढू नका.

अठरा वर्षं पूर्ण झाली की पुढं काय?

इथं पैसा सगळ्यात कमी येतो, आणि गरज इथंच दांडगी. अठरा झाली की बालगृह सोडावं लागतं. अनुरक्षण गृहात एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येतं, पण ती थोडी आहेत. पोरगं एका पिशवीत कपडे आणि एका फाइलीत गुणपत्रिका घेऊन बाहेर पडतं. भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट, पहिल्या महिन्याची मेस, ड्रायव्हिंग लायसन, एमएससीआयटीची फी, मुलाखतीचे बूट यांसाठी वेगळा निधी काढा. बारक्याचा गोड फोटो नसतो, त्यामुळं लोकांना समजावून सांगावं लागतं.

महाराष्ट्रात अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण २०१८ पासून आहे. त्यासाठी महिला व बाल विकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र लागतं. दहावीतच कागद गोळा करायला घ्या. आधार, बँक खातं, जन्मतारखेचा पुरावा यांतल्या एका अक्षराच्या चुकीपायी वर्ष जातं. कार्यालयात हेलपाटे मारायला सोबत जाणारा एक चिवट कार्यकर्ता लाखभर रुपयांच्या तोडीचा असतो.

गावात एका विधवा बाईची लेकरं बालगृहात टाकायचं चाललंय. आम्ही काय करू?

आधी ती घरीच राहतील का ते बघा. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलालाही महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात. बाईसोबत जा, कागदांच्या झेरॉक्स तुम्ही काढा, पोच घ्या. आमच्या गटातल्या काहींनी आता कार्यक्रम सोडून एवढंच काम धरलंय.

ठरलेल्या कामाहून जास्त पैसे जमले तर?

मोटरसाठी मागितले आणि मोटर बसून आठ हजार उरले, असं होतं. मनानं दुसरीकडं वळवू नका. देणाऱ्यांना आणि संस्थेला विचारा, "उरलेले लाइट बिलात घालू का?" दोन दिवस वाट बघा, कुणी नको म्हटलं तर त्याचे परत द्यायला संस्थेला सांगा. मग बिल भरल्याची पावती त्याच ग्रुपवर टाका आणि तो ग्रुप बंद करा. पुढच्या कामाला नवा ग्रुप काढायचा. जुन्यात शुभ सकाळचे गुलाब यायला लागलेले असतात.